आठ की सोळा

पंधरावं पान उघडता उघडता कॉम्प्युटर थांबला. बंद पडला नाही, थांबला. पडद्यावर पानाचा वरचा निम्मा भाग आला होता, खालचा नुसता राखाडी होता, आणि बाणाच्या जागी ते गोल चक्र फिरत होतं. पेटीतला पंखा घुमायला लागला. मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. वर्गात एखाद्या मुलीला उत्तर आठवत नसलं की मी तिच्याकडे न पाहता खिडकीबाहेर बघत थांबते, तशी थांबले. चार मिनिटांनी पडद्यावर एक ओळ आली, आणि उघडलेली चौदाही पानं एकदम गेली. मागे नुसतं निळं उरलं. त्या निळ्याकडे बघताना मला बरं वाटलं. हे लक्षात आलं तेव्हा मी दचकले. दोन महिने ज्या कामाची मी वाट पाहत होते ते अडलं होतं, आणि माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं. इतका स्वच्छ सुटकेचा श्वास मी बऱ्याच दिवसांत घेतला नव्हता.

ती पानं बाबांच्या रजिस्टरची. बाबा, म्हणजे रूपराव, सरकारी खात्यात विहिरी मोजायचे. खणायचे नाहीत, मोजायचे. जिल्ह्यातल्या ठरलेल्या एकशे चौदा विहिरी, वर्षातून चार वेळा: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. काठापासून पाणी किती खाली आहे, एवढंच. अडतीस वर्षं. खात्याला जायचे ते तक्ते वेगळे. हे रजिस्टर त्यांचं स्वतःचं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, एका विहिरीला एक पान. पानावर डावीकडे वर्षं खाली खाली उतरत गेलेली आणि समोर चार घरं. पहिलं पान नाचणगावचं, आमच्या गावचं. शेवटचं, एकशे चौदावं, आष्टीचं, आईच्या माहेरचं; मी तिथेच जन्मले. सगळी पानं त्यांनी एकाच पट्टीनं आखली होती, त्यामुळे कुठल्याही पानावर कुठलंही वर्ष अगदी त्याच उंचीवर येतं. एकशे चौदा पानं शेजारी शेजारी मांडली तर एका वर्षाची एक सरळ आडवी ओळ मिळेल, जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला ती तशी पाहायची होती. सगळ्यांना मी सांगितलं होतं की रजिस्टरला कसर लागली आहे, ते जपायला हवं, म्हणून स्कॅन करते आहे. ते खरंच होतं. पण मला तिसरी ओळ पाहायची होती. तिसऱ्या ओळीतलं चौथं घर, म्हणजे मी जन्मले त्या वर्षीचा ऑक्टोबर.

दुसऱ्या दिवशी दुपारी आचल आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. आता तिचं स्टेशनकडच्या रस्त्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिनं पेटीचं झाकण काढलं, ब्रशनं धूळ झटकली आणि आत टॉर्च मारला. बाबा पलंगावर पाय खाली सोडून बसले होते. त्यांच्या एका डोळ्याचा पडदा गेलेला आहे, दुसऱ्यानं त्यांना कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. म्हणून कुणाकडे बघायचं असलं की ते त्याच्या जरा बाजूला बघतात.

‘मॅडम, चारच जीबी रॅम आहे ह्याच्यात,’ आचल म्हणाली. ‘आणि तुम्ही एकेक पान शंभर एमबीचं उघडून राह्यल्या. बिचारा हँग नाही होणार तं काय करणार?’

‘पेन्सिल फिकी झाली आहे. बारीक स्कॅन केल्याशिवाय अक्षर उठत नाही.’

‘ते ठीक. पण एकशे चौदा एकदम काऊन उघडायची? अर्धी आज पहा, अर्धी उद्या. एक चारची पट्टी टाकून देते, आठ होईल. पन्नास-पंचावन्न पानं आरामात उघडतील. सोळा करायचं तर जुनी काढून दोन आठच्या टाकाव्या लागतील. तुमच्या एवढ्या कामाले सोळा म्हणजे जास्तीच आहे.’ तिनं बॅगेतून तिन्ही पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. ‘सांगा. आठ की सोळा?’

इतका साधा प्रश्न. मी आयुष्यभर मोजमाप शिकवलं आहे, मला गणित येतं. एकशे चौदा गुणिले शंभर. त्यात यंत्राला स्वतःला लागणारे अडीचेक जीबी. आठात निम्मी पानं मावतात, सोळात सगळी. उत्तर समोर होतं आणि माझ्या तोंडातून ते निघेना. ‘उद्या सांगते,’ मी म्हणाले. आचल हसली. ‘मॅडम, प्रॅक्टिकलला तुम्ही आम्हाला एका रीडिंगसाठी इतका वेळ कधी दिला नाही.’

बाबांनी हात पुढे केला. ‘पाहू दे इकडं. काय टाकून राह्यल्या त्याच्यात?’ आचलनं त्यांच्या तळहातावर आठच्या दोन पट्ट्या ठेवल्या. बाबांनी अंगठ्यानं त्यांच्यावरचे काळे चौकोन चाचपले, मग पट्ट्या एकेक करून दुसऱ्या हातात घेतल्या. ‘लाभ. दोन,’ ते पुटपुटले.

‘काय म्हणता आजोबा?’

‘काई नाई. मोजून राह्यलो. हे काय व्हय?’

‘मेमरी.’

‘मेमरी म्हंजे याद ना?’ ते आचलच्या खांद्याच्या बाजूला बघत म्हणाले. ‘मंग सोळा टाक बाप्पा. उरलीच तं थोडी माह्या डोक्यात घालजो. सकायी चहा घेतला का नाई तेबी आठवत नाई मले.’

‘घेतला, बाबा. दोनदा,’ मी म्हणाले.

आचल पट्ट्या टेबलावरच ठेवून गेली. पेटीचं झाकण उघडंच होतं. बाबांना डुलकी लागली. मी त्यातली एक पट्टी उचलून खिडकीपाशी नेली. बोटाइतकी लांब, नखाइतक्या जाडीची, कडेला सोनेरी दात. वजन जवळजवळ नाही. बारावीच्या मुलींना मी संधारित्र शिकवते, धारिता शिकवते, एका पत्र्यावरचा भार दुसऱ्याला कसा धरून ठेवतो ते शिकवते. या पट्टीत तेच आहे, पण इतकं लहान की डोळ्यांपुढे आणायचं म्हटलं तर मन मागे सरकतं. प्रत्येक घर म्हणजे सिलिकॉनमध्ये उभा कोरलेला एक खड्डा. त्यात काही हजार इलेक्ट्रॉन भरलेले असले तर एक, नसले तर शून्य. सोळा जीबीत असे खड्डे किती, ते मी फळ्यावर काढून दाखवलेलं आहे: तेरा हजार सातशे त्रेचाळीस कोटी. आकडा फळ्यावर लिहिताना काही वाटलं नव्हतं. आता पट्टी उन्हात धरली, आणि पलीकडे अंगणातली हातपंपाची नळी, तिच्यावर बसलेला कावळा हे सगळं पट्टीच्या मागे दिसत होतं. आणि मला वाटलं की या विहिरी आहेत. कोट्यवधी विहिरी, माझ्या चिमटीत. मी पट्टी दोन्ही हातांनी धरली.

‘काय पाहून राह्यली, कोकी?’ बाबा जागे झाले होते.

मी त्यांना सांगितलं. कसं सांगावं याचा विचार न करता सांगितलं, म्हणून बहुधा बरं सांगितलं. मी म्हणाले, याच्यात बारीक बारीक विहिरी आहेत. पाण्याच्या जागी वीज. भरलेली विहीर म्हणजे एक, कोरडी म्हणजे शून्य. अशा भरलेल्या आणि कोरड्यांच्या ओळींतून तुमच्या रजिस्टरचं पान बनतं.

बाबांनी मान तिरकी करून पट्टीच्या जरा बाजूला पाहिलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला पंचवीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारलेला नाही. ‘झिरपते का?’

‘झिरपते,’ मी म्हणाले. ‘सगळ्याच झिरपतात. एका सेकंदात रिकाम्या होतील.’

‘मंग?’

‘मग यंत्र प्रत्येक विहिरीपाशी जाऊन बघतं, भरलेली होती की कोरडी. भरलेली असली तर पुन्हा काठोकाठ भरतं. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. सगळ्या विहिरींवर.’

‘सगळ्याईवर?’

‘एकही सुटत नाही. आणि बाबा, याची एक अडचण आहे. पाहिलं की विहीर रिकामी होते. आत किती आहे ते बघायला आतलं सगळं बाहेर घ्यावं लागतं. म्हणून पाहिलं की लगेच परत भरावं लागतं.’

‘आपली विहीर मोजल्यानं रिकामी होत नाई,’ बाबा म्हणाले, जरा अभिमानानं. मग म्हणाले, ‘पण हे भारी काम आहे. सेकंदात पंधरा चकरा. मले एक चक्कर मारायले तीन आठवडे लागत.’ आणि त्यांनी मान हलवली, एका मापणाऱ्यानं दुसऱ्या मापणाऱ्यापुढे हलवावी तशी. ‘कोण करते हे?’

‘कोणी नाही. आपोआप होतं.’

‘आपोआप काई होत नाई,’ बाबा म्हणाले.

तीन आठवडे. ते सहज बोलून गेले. मी पट्टी टेबलावर ठेवली. आमच्या घरात त्या आठवड्यांचा विषय कधी काढायचा नाही असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तो कधी निघालाही नव्हता. निघायचा तो आष्टीला, लग्नांत. शोभाबाई, आईची थोरली बहीण, माझ्या गालाला हळद लावता लावता भोवतालच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, ‘हिच्या बापानं चोविसाव्या दिवशी तोंड दाखवलं. पोट्टी झाली म्हून आला नाई. पोट्टा असता तं उडत आला असता.’ बायका हसायच्या, मीही हसायचे, सात-आठ वर्षांची असेन. आई हसायची नाही, रागावायचीही नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. एकदा मी तिला घरी आल्यावर विचारलं. ती निवडत असलेल्या तुरीच्या डाळीवरून मान वर न करता म्हणाली, ‘विचार त्याईले.’ मी विचारलं. बाबा सायकलीच्या चेनला तेल देत होते. त्यांनी तेलाची बुदली खाली ठेवली आणि दोन शब्द सांगितले, ‘पाणी होतं.’ मी ते उत्तर घेऊन आईकडे गेले. आई म्हणाली, ‘त्या ऑक्टोबरात आभाळ कोरडं ठणठणीत होतं. आष्टीची बस रोज येऊन राह्यली होती.’ एवढंच. पुढे डाळीतले खडे. आईला जाऊन आता नऊ वर्षं होतील, आणि मला वाटतं, बाबांच्या त्या दोन शब्दांवर तिनं कधी विश्वास ठेवला नाही, आणि तसं कधी म्हटलंही नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत मी वाढले. मी शास्त्राकडे गेले त्याचं कारणही तेच असेल. तिथे कोण काय म्हणालं यावर काही ठरत नाही, नोंद बघायची असते.

नोंद होती. घरातच होती, फळीवर, लाल कापडात. चाळीस वर्षं मी ती उघडली नाही. गेल्या उन्हाळ्यात बाबा नाचणगावच्या धाकट्या विहिरीचं नाव विसरले, आणि मला एकदम कळलं की विचारायला माणूस आहे तोवरच नोंदीला अर्थ आहे. मी स्कॅनर आणला. पहिलं पान काचेवर पालथं घालण्याआधी नजर तिसऱ्या ओळीवर गेली. मी ती तिकडे जाऊ दिली. चौथ्या घरात आकडा नव्हता. फिकी पेन्सिल, घाईत लिहिलेलं एक अक्षर आणि त्याला काना: ना. नाही. नोंद नाही. पुढचं पान: ना. नाचणगाव सोडून तो पवनारकडे गेला असेल, मी स्वतःला सांगितलं. सांगताना बाबांना मी मनात ‘तो’ म्हणत होते. पवनारच्या पानावर धाम नदीच्या काठच्या विहिरीसमोर: ना. वीस पानांपर्यंत मी पाहिलं. मग पाहणं सोडून दिलं. उरलेली चौऱ्याण्णव पानं मी डोळे स्कॅनरच्या सरकत्या उजेडावर ठेवून पालथी घातली.

कुणी म्हणेल, एकेक पान उघडून बघायला चार जीबीही पुरतात. पुरतात. ती ओळ प्रत्येक पानातून कापून एकाखाली एक चिकटवता येते, तेही मला येतं. पण एकेकटा ‘ना’ मला समजावून सांगता येत होता. विहिरीवर कुलूप असेल, वाटेत चिखल असेल, त्या दिवशी ताप असेल. प्रत्येक ‘ना’ला मी एक कारण देऊ शकत होते. सगळे एकदम समोर आले असते तर एकच कारण उरलं असतं: त्या ऑक्टोबरात रूपराव विहिरींवर गेलाच नव्हता. मग तो कुठे होता, आणि चोवीस दिवस त्याला आष्टीला यायला काय अडचण होती, याचं उत्तर शोभाबाईपाशी पन्नास वर्षं तयार होतं. म्हणून आठ. आठात निम्मी पानं दिसतील आणि उरलेल्या निम्म्यांत आशा ठेवता येईल. माणूस इतक्याच स्मृतीत बरा राहत असेल. काल पंधराव्या पानाला यंत्र थांबलं तेव्हा मला बरं वाटलं ते यासाठीच.

मी त्या संध्याकाळी फाटकापर्यंत फेऱ्या मारल्या. बाबा खुर्ची बाहेर घेऊन बसले होते आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखत होते. मला ते यंत्र सोडवत नव्हतं. तेरा हजार कोटी विहिरी, सगळ्या गळक्या, आणि काहीतरी अखंड त्यांच्यावरून फिरतं आहे, बघतं आहे, बघताना रिकामं करतं आहे आणि तितकंच परत भरतं आहे. आणि वरून पाहणाऱ्याला पान स्थिर दिसतं. मला पूर्वी वाटायचं की आठवणं म्हणजे ठेवणं. ठेवलेलं काहीच नसतं. दर क्षणी पुन्हा भरलेलं असतं, एवढंच. आई पदराचं टोक गुंडाळायची तेव्हा ती तेच करत असेल. मीही पन्नास वर्षं तेच करत आले होते, एका कोरड्या विहिरीपाशी जाऊन दरवेळी बघत होते, आणि कोरडीच्या जागी पुन्हा कोरडी लिहीत होते. पण मी ती स्वतः कधी मोजली होती का? दुसऱ्यानं सांगितलेला आकडाच उतरवत आले होते. प्रॅक्टिकलच्या वहीत मुलींनी असं केलं तर मी ते पान फाडायला लावते.

‘सोळा,’ मी दुसऱ्या दिवशी आचलला फोनवर म्हणाले.

‘पक्कं?’

‘पक्कं.’

ती दुपारी आली आणि पाच मिनिटांत जुनी पट्टी काढून दोन नव्या बसवून गेली. बसवताना दोनदा टक् असा आवाज झाला. बाबांनी दोन्ही वेळा मान हलवली.

ती गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि पानं उघडायला दिली. पंधरावं आलं, गेलं. तिसावं. पंखा हळूच फिरत होता. पंचावन्नावं. पाणी चढताना बघावं तशी मी कोपऱ्यातला तो आकडा चढताना बघत होते: सहा, साडेआठ, अकरा. एकशे चौदावं पान आष्टीचं आलं आणि यंत्र शांत झालं. सगळी पानं एका लांब पट्ट्यात शेजारी शेजारी उभी होती. आधी मी सबंध पाहिलं, इतकं लांबून की अक्षर एकही दिसत नव्हतं, नुसती करडी वीण. तरी काहीतरी दिसत होतं. मेच्या घरांतले आकडे दोन अंकी म्हणून गडद, ऑक्टोबरचे फिके. गडद, फिकं, गडद, फिकं, प्रत्येक पानावर अडतीस ओळी, सगळ्या रुंदीभर एकदम. जमीन श्वास घेत होती. नाचणगावपासून आष्टीपर्यंत काळ्या मातीखाली ते पाणी एकाच वेळी वर येत होतं आणि एकाच वेळी खाली जात होतं, आणि एका माणसानं सायकलीवरून, एका वेळी एक विहीर करत, ते कागदावर उतरवलं होतं. त्याला स्वतःला हे असं कधी दिसलं नसेल. मला ते दिसत होतं.

मग मी तिसऱ्या ओळीवर गेले. चौथं घर. डावीकडून उजवीकडे सरकत गेले. ना, ना, ना, ना. मधे तीन पानांवर कसरीनं तो कोपराच खाल्ला होता. बाकी एकशे अकरा. मी मोजले. एकशे अकरा ना. आकडा एकही नाही.

रडू आलं नाही. एखादं माप पुन्हा पुन्हा घेऊन तेच येतं तेव्हा जी एक थंड शांतता येते, ती आली. म्हणजे शोभाबाई बरोबर होती. आतल्या खोलीत बाबांचा रेडिओ चालू होता. साडेपाच झाले होते. बाबांना साडेसातला जेवण लागतं. मी उठले. ते कुणीही असोत, भात टाकायला हवा होता.

स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात पत्र्याचं माप असतं, आईच्या वेळचं. मी डबा उघडला, माप भरलं, तळहातानं सपाट केलं, पातेल्यात ओतलं, आणि माझं तोंड आपलं आपण म्हणालं, ‘लाभ.’

दुसरं माप भरण्यासाठी हात डब्यात गेला आणि तिथेच राहिला.

आमच्या घरी धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. आई म्हणायची, बाबा म्हणतात, मी म्हणते. त्याचा कधी विचार करत नाही, इतकं ते जिभेवर आहे. काल बाबांनी पट्ट्याही तशाच मोजल्या होत्या, माझ्या समोर. आणि सुरुवातीची पाच वर्षं टेप नव्हता. स्कॅन करताना केलेल्या यादीत मीच टीप लिहिली होती: पहिल्या पाच वर्षांच्या नोंदी गाठींत. वजन बांधलेला दोर, हाताहाताच्या अंतरावर गाठी, आणि दोर सोडायला नत्थू, जो या कामावर येण्याआधी बाजारात धान्य मोजायचा.

मी तांदळाचे हात घेऊनच बाहेर आले. पहिलं पान मोठं केलं, आणखी मोठं केलं, पेन्सिलीची रेघ दाण्यादाण्यांत फुटेपर्यंत. ‘न’ला एक पोट असतं. याला दोन होती. दुसरं पोट इतकं फिकं की बारीक स्कॅनशिवाय ते कागदाच्या सुरकुतीत जमा झालं असतं. ला. लाभमधला ला. पुढचं पान: ला. मी पन्नास वर्षं तयार असलेलं उत्तर डोळ्यांत घेऊन आले होते, आणि डोळ्यांनी एक पोट गाळून टाकलं होतं.

‘बाबा,’ मी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाले. ‘जरा बाहेर या. नत्थूकाका गाठी कशा मोजायचा?’

त्यांनी रेडिओ बंद केला. माझा हात धरून ते आले आणि पडद्यासमोर बसले. पडदा त्यांना दिसत नव्हता. ते त्याच्या बाजूच्या भिंतीकडे बघत होते. त्यांनी हवेत दोर धरला, अंगठा आणि पहिल्या बोटात, आणि दुसऱ्या हातानं सोडायला लागले. ‘असा. दोर सोडे आन बोटाखालून गाठ गेली का वरडे. लाभ. दोन. तीन. वजन पाण्याले लागलं का टप्प करे, का थांबला. मी काठावर बसून लिहो. तो म्हणे तेच लिहो.’

‘मी झाले त्या वर्षीच्या ऑक्टोबरात?’

त्यांचा दोर धरलेला हात तसाच राहिला. ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं; चेहऱ्यावरून ऊन सरकावं तसं. ‘त्या साली? त्या साली नत्थूले दोन म्हणायचं कामच पडलं नाई.’

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

‘पाऊस कधीचाच थांबला होता. आभाळ साफ. पण पाणी होतं, कोकी. लाभ म्हणलं का टप्प. लाभ, टप्प. वाकलं का हात लागे पाण्याले. दुसऱ्या विहिरीवर गेलो, तेच. मले वाटलं दोराची गाठ सरकली. नवा दोर घेतला. तेच. नत्थू म्हणे, साहेब, एखादी तं कमी असन. आमी तिचीच वाट पाहून राह्यलो होतो. दिवसाले पाच विहिरी. आष्टीची शेवटची. मधातून गेलो असतो तं क्रम मोडला असता, मंग मागच्या सालाशी मेळ नसता बसला.’ त्यांनी हवेतला दोर खाली ठेवला. ‘जायले पाहिजे होतं. मले तवा समजलं नाई. तुह्या आईले सांगितलं म्या, पाणी होतं म्हून. तिले वाटलं रस्त्यात होतं.’

एकशे चौदा भागिले पाच. बावीस पूर्णांक आठ. तेविसाव्या दिवशी दिवस बुडताना आष्टीची विहीर. चोविसाव्या दिवशी सकाळी तोंड. मी ते गणित मनात केलं आणि ते बरोबर आलं, आणि बरोबर येऊनही आईच्या बोटाला गुंडाळलेला पदर तसाच राहिला. बाबा विहिरींवर होते. म्हणजे आमच्यापाशी नव्हते. हेही नोंदीतच होतं. पण ज्या घराला मी कोरडं समजत आले होते ते कोरडं नव्हतं. मी जन्मले तेव्हा या सबंध मुलखात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाकलं की हाताला लागेल इतकं पाणी वर आलं होतं, आणि ते एका माणसाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्यापाशी ते सांगायला दोनच शब्द होते.

‘आता सगळ्या दिसून राह्यल्या का तुले? एकदम?’ बाबांनी विचारलं.

‘सगळ्या. तीन सोडून. त्या कसरीनं खाल्ल्या.’

‘कोणत्या तीन?’

‘सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस.’

‘त्याबी भरल्याच होत्या. लिहून घे.’ ते खुर्चीत जरा पुढे सरकले. ‘वाच पाहू पयल्यापासून.’

पेटीतला पंखा मंद फिरत होता. आत त्या गळक्या विहिरी भरल्या जात होत्या, सेकंदाला पंधरा वेळा, एकही न सुटता. माझ्या बोटांना तांदळाची पांढरी भुकटी होती, ती माउसला लागली. मी पहिल्या पानावर गेले.

‘नाचणगाव,’ मी म्हणाले.

‘लाभ,’ बाबा म्हणाले.

भात त्या दिवशी नऊला झाला.